बसलेल्या आठांकडे बघणारे सर

नमस्कार, श्रोतेहो.

खो-खो आपण बहुतेकांनी खेळलेला असतो. निदान शाळेच्या पटांगणावर गुडघे तरी फोडून घेतलेले असतात. नियम आठवून बघा. आठ जण पाटीत बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. त्याला मधली रेघ ओलांडता येत नाही, आणि एकदा धरलेली दिशा खांब येईपर्यंत सोडता येत नाही. समोरचा गडी हुलकावणी देऊन पलीकडे सटकला, की बसलेल्याच्या पाठीला हात लावून मोठ्यानं 'खो' म्हणायचं. खो मिळायच्या आत उठलात तर फाउल.

बघणाऱ्यांचे डोळे धावणाऱ्यावर असतात. आमच्या खो-खोच्या सरांचे नसत. ते बसलेल्यांकडे बघायचे. कुणाचा भार चवड्यावर आहे, कोण टाच टेकवून निवांत बसलंय, कोण मातीत रेघोट्या ओढतंय. खेळ रंगात आला की मध्येच आवाज यायचा, "तीन नंबर, टाच!" कारण गडी बऱ्याचदा टिपतो तो नुकताच उठलेला. तो उठायला क्षणभर उशीर झाला, तर आधीच्यानं कितीही जीव तोडून पळालेलं वाया.

मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. डी.एड.ला पाठ टाचण, फळ्याची मांडणी, शैक्षणिक साहित्य सगळं शिकवलं, आणि ते उपयोगी पडतं. पण एक मूल उत्तर देत असताना उरलेल्या तिसांकडे बघायचं असतं, ही सवय मला मैदानानं लावली. हात वर करणाऱ्याची काळजी कुणालाही घेता येते हो!

आमच्या सरांची आणखी एक पद्धत होती. नववी-दहावीतल्या मुलींकडे ते लहानांची बॅच सोपवायचे. उत्तम खेळणारीलाच द्यायचे असंही नाही. मला दिली तेव्हा मी आधी शिट्टी मागितली. सर म्हणाले, "शिट्टी नंतर. आधी सगळ्यांची नावं पाठ कर." मग एका लहान मुलीला सूर मारायची भीती वाटायची, तिला माझ्याकडे दिलं. मी करून दाखवलं, पुन्हा दाखवलं. ती नुसती बघायची. सर लांबून म्हणाले, "तू छान मारतेस, ते कळलं तिला. आता तिला काय येतं ते बघ." तिला गुडघ्यावर बसून पुढे झेपावता येत होतं. तिथून सुरुवात केली. उभ्यानं, मग दोन पावलं पळत, मग खांबाजवळ. मास्तरकी मी त्या मातीत शिकले म्हणा ना.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. अभिमान वाटतोच. पण संध्याकाळी मैदानावर येणाऱ्या शंभर मुलांतली नव्याण्णव तिथवर जाणार नाहीत, आणि प्रशिक्षकाची खरी कमाई मला त्यांच्यात दिसते.

धाराशिवच्या सारिका काळे यांचं उदाहरण घ्या. घरच्या ओढाताणीमुळे त्यांनी खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजावलं आणि त्या परतल्या. 2016 ची गुवाहाटीची दक्षिण आशियाई स्पर्धा भारतीय महिला संघानं त्यांच्या नेतृत्वाखाली जिंकली. 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होत्या. म्हणजे इतरांच्या मुलांना मैदानावर आणायचं काम आता त्यांच्याकडे आलं होतं.

दहावी लागली की घरोघरी फर्मान सुटतं, खेळ बंद. मुलींवर तर आधी. प्रशिक्षकांना माझी एक विनंती आहे. अशा मुलीचे आईवडील सामन्यांना नाही म्हणाले, तर वाद घालत बसू नका. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, लहानांची बॅच घ्यायला तेवढी तिला मागून घ्या. अर्ध्या तासाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. आणि शिट्टीची घाई करू नका.

नमस्कार.