एमी शेराल्ड आणि एक अंगठी

श्रोतेहो, नमस्कार. पांढऱ्या, घोळदार गाऊनमधलं मिशेल ओबामांचं चित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्यातली त्वचा राखाडी आहे. हो, राखाडी! २०१८मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत ते लागलं आणि एमी शेराल्ड हे नाव जगभर झालं. या कृष्णवर्णीय चित्रकर्तीनं जवळजवळ चाळिशीपर्यंत हॉटेलात वेटरचं काम केलं. २०१२मध्ये त्यांचं हृदयप्रत्यारोपण झालं. काळ्यात नेपल्स यलो हा फिकट पिवळा मिसळून त्या हा राखाडी करतात. बघणाऱ्यानं आधी माणूस बघावा, वर्ण नंतर. (आपण लग्नाच्या जाहिरातीत अजून ‘गोरी’ छापतो, ते असो.)

पण मला सांगायचीय ती अंगठीची गोष्ट. ब्रिओना टेलर, वय २६, केंटकीतल्या लुइव्हिलची, इस्पितळात काम करणारी. १३ मार्च २०२०च्या मध्यरात्रीनंतर पोलिसांनी तिच्या घराचा दरवाजा फोडला. चोर शिरले समजून तिच्या मित्रानं एक गोळी झाडली. पोलिसांच्या गोळ्यांत ब्रिओना गेली. एका मासिकानं मुखपृष्ठासाठी तिचं चित्र शेराल्डबाईंकडे मागितलं. ती तर हयात नव्हती, समोर बसवायची कुणाला? मग तिच्याच बांध्याची एक तरुणी शोधली. अटलांटाच्या एका डिझायनरकडून निळसर हिरवा पायघोळ ड्रेस करून घेतला. मागची भिंतही त्याच रंगाची. गळ्यात बारीकसा सोन्याचा क्रूस. आणि बोटात अंगठी. मित्र तिला लग्नाची मागणी घालणार होता, पण तेवढ्यात ती रात्र आली. त्याच्या हातून जी अंगठी तिच्या बोटात जायची राहिली, ती शेराल्डबाईंनी रंगवली. खऱ्या आयुष्यात नसलेली अंगठी, श्रोतेहो, चित्रात आहे.

आपल्या चौकातल्या फ्लेक्सवर श्रद्धांजलीचे फोटो बघा: गेलेल्याचा चेहरा टिकलीएवढा, शोकाकुल नेत्यांचे हातभर! इथे फ्रेममध्ये फक्त ब्रिओना.

हे चित्र दोन संग्रहालयांनी मिळून घेतलं, एक लुइव्हिलचं, एक वॉशिंग्टनचं. त्यासाठी दोन प्रतिष्ठानांनी १० लाख डॉलर दिले. शेराल्डबाईंनी तो पैसा लुइव्हिल विद्यापीठात ब्रिओनाच्या नावानं विद्यार्थ्यांसाठी लावला.

२०२५मध्ये त्याच नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्यांचं मोठं प्रदर्शन ठरलं होतं. त्यात स्वातंत्र्यदेवतेच्या रूपातली एक ट्रान्स स्त्री होती. त्या चित्रावर गॅलरीत खल सुरू झाल्याचं कळताच बाईंनी अख्खं प्रदर्शनच मागे घेतलं. मग ते बाल्टिमोरला लागलं, त्या चित्रासकट.