फोन कोणता घ्यावा, असे विचारणाऱ्यांसाठी

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दर रविवारी सकाळी मी दोन तास बसते. बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तिथे माझ्याकडे एकच काम आहे, ते म्हणजे येणाऱ्या मंडळींचे मोबाइल फोन पाहून देणे. कोणाच्या फोनमधील जागा भरलेली असते, कोणाला पेन्शनचा मेसेज सापडत नसतो, आणि कोणी ना कोणी हमखास विचारते की नवा फोन घ्यायचा आहे, अँड्रॉइड घेऊ की आयफोन, आणि दोहोंत सुरक्षित कोणता. कट्ट्यावर मी याचे उत्तर दोन वाक्यांत देते आणि ते अर्धवट राहते. आज ते पुरे करायचे आहे.

एके काळी या शर्यतीत सिम्बियन होते, ब्लॅकबेरी होते, मायक्रोसॉफ्टचे विंडोज फोनही होते. ते सगळे मागे पडले. ॲपलचा आयफोन २००७ मध्ये बाजारात आला, गूगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ च्या ऑक्टोबरमध्ये आला, आणि आज आपल्या दुकानांतील जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोन या दोहोंपैकी एका प्रणालीवर चालतो.

गेल्या पावसाळ्यात कट्ट्यावरच्या एक काकू, वय वर्षे शहात्तर, रडवेल्या होऊन आल्या. आदल्या संध्याकाळी त्यांना भाच्याच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली होती. ती पत्रिका नव्हतीच. फाइलच्या नावाच्या शेवटी ए-पी-के ही तीन अक्षरे होती, म्हणजे ते अँड्रॉइड फोनवर चढवायचे एक ॲप होते, आणि भाच्याचा फोन तशाच फाइलीने आधीच भामट्यांच्या ताब्यात गेल्यामुळे ते त्याच्या ओळखीच्या सगळ्यांकडे परस्पर रवाना झाले होते. काकूंनी फाइलवर बोट ठेवताच फोनने त्यांना अडवले. हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आले आहे असा इशारा देणारा चौकोन समोर आला, मग सेटिंगमध्ये जाऊन एक बटण सरकवावे लागले, मग ‘इन्स्टॉल’ म्हणावे लागले, आणि शेवटी त्या ॲपने मेसेज वाचण्याची परवानगी मागितली. दार चार वेळा बंद होते आणि चारही वेळा काकूंनी ते आपल्या हाताने उघडले. मी विचारले, “काकू, काय लिहिलंय ते वाचलं नाहीत का?” त्या म्हणाल्या, “अगं, पत्रिका उघडेना, म्हणून ते जे जे विचारत होतं त्याला होय होय म्हणत गेले. इंग्रजीत होतं सगळं.”

रोजचे वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, अगदी जाहीर नोटिशींसह वाचून काढणाऱ्या या बाई आहेत. त्यांनी तो चौकोन वाचला नाही, कारण तो आपल्यासाठी लिहिलेला आहे असे त्यांना वाटलेच नाही. तोवर काकूंच्या खात्यातले पैसे भामट्यांनी काढले होते. आम्ही तिथूनच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. काही रक्कम वाटेतल्या दुसऱ्या एका खात्यात गोठवली गेली, बाकीची गेली.

हीच फाइल काकूंच्या मुलीलाही आली होती. तिच्याकडे आयफोन आहे आणि त्यावर ती उघडलीच नाही. आयफोनवर आपल्या देशात ॲप घ्यायचे तर ते ॲपलच्या ॲप स्टोअरमधूनच घ्यावे लागते, व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल तिथे ॲप बनून बसू शकत नाही. दुसरा फरक मला, बँकेत आयुष्य काढलेल्या बाईला, त्याहून मोठा वाटतो. अँड्रॉइडवर एखादे ॲप तुमची परवानगी घेऊन तुमचे सगळे मेसेज वाचू शकते, आयफोन ही मुभा कोणत्याही बाहेरच्या ॲपला देत नाही. ओटीपीची सारी व्यवस्था आलेला मेसेज फक्त खातेदारच पाहील, या एका गृहीतकावर उभी आहे. ते गृहीतक ढासळले की बँकेचे कुलूप शाबूत राहूनही तिजोरी रिकामी होते.

याच फरकाची दुसरी बाजू कट्ट्यावर तक्रारीच्या रूपाने माझ्यापुढे येते. यूपीआयचे ॲप नव्या फोनवर सुरू करताना तुमचे सिमकार्ड त्याच फोनमध्ये आहे ना, हे तपासण्यासाठी फोनमधून एक मेसेज जावा लागतो. अँड्रॉइडवर तो परवानगी दिली की आपोआप जातो. आयफोनवर मात्र मेसेज लिहिलेला समोर येतो आणि पाठवण्याचे बटण आपल्यालाच दाबावे लागते. ते दाबायचे असते हे अनेकांच्या लक्षात येत नाही, नोंदणी अडते, आणि आयफोन अवघड आहे असे बोलले जाते. अडचण खरी आहे, पण ती त्याच भिंतीची आहे जिने मुलीला वाचवले.

आता अँड्रॉइडच्या बाजूने बोलायला हवे. दोन्ही प्रणालींचा पाया भक्कम आहे. दोन्हीकडे प्रत्येक ॲप आपापल्या कप्प्यात बंद असते आणि शेजारच्या ॲपची माहिती त्याला परस्पर उचलता येत नाही. अँड्रॉइडने २०१५ मध्ये, सहाव्या आवृत्तीपासून, कॅमेरा किंवा संपर्कयादीची परवानगी गरजेच्या वेळी विचारण्याची पद्धत आणली. २०२० च्या अकराव्या आवृत्तीपासून तर बरेच महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या ते आपण होऊन काढून घेते, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते. तेराव्या आवृत्तीपासून बाहेरून आणलेल्या ॲपला पडद्यावरचे सगळे वाचण्याचा अधिकार सहजासहजी मिळू नये, अशीही तजवीज झाली. आयफोनही अभेद्य नाही. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने वापरणाऱ्याने कुठेही बोट न लावता केवळ एका संदेशाच्या वाटेने आयफोनमध्ये शिरकाव केला, हे २०२१ मध्ये उघड झाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲपलला ती फट बुजवणारे अपडेट काढावे लागले. अशी महागडी हत्यारे तुमच्या-माझ्यासारख्यांवर चालवली जात नाहीत, हे खरे. तरीही आयफोन आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

फट सापडणे कोणालाच चुकत नाही, ती किती लवकर बुजते यावर पुष्कळ काही ठरते. आयफोनचे यंत्र आणि प्रणाली एकाच कंपनीची असल्यामुळे अपडेट निघाले की चालू असलेल्या सगळ्या मॉडेलांना ते त्याच दिवसापासून मिळू लागते. २०१३ मध्ये आलेल्या आयफोन ५एसला २०२३ च्या जानेवारीतही सुरक्षेचे एक अपडेट मिळाले होते. अँड्रॉइडचा प्रवास लांबचा आहे. गूगलने केलेली दुरुस्ती फोनच्या चिपच्या कंपनीकडून आणि मग फोन बनवणाऱ्या कंपनीकडून फिरत तुमच्यापर्यंत येते आणि वाटेत कोणी कंटाळले तर येतच नाही. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला आहे, पण ते फोन महागातले. कट्ट्यावर येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात दहा-बारा हजारांचा फोन असतो, आणि त्याची अपडेट किती वर्षे येणार हे दुकानदाराने सांगितलेले नसते, घेणाऱ्यानेही विचारलेले नसते. म्हणून मी प्रत्येकाच्या अँड्रॉइड फोनमध्ये एक गोष्ट आधी पाहते. सेटिंगमध्ये, फोनविषयीच्या माहितीत, सुरक्षा अपडेटची तारीख लिहिलेली असते. ती तीन-चार वर्षांपूर्वीची निघाली, आणि अशी ती मी अनेकदा पाहिली आहे, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार करू नका असेच मी सांगते. पडदा चकचकीत आहे आणि कॅमेरा छान आहे, याचा इथे काही उपयोग नाही.

भाषेविषयी मला मनापासून बोलायचे आहे. अँड्रॉइडची सेटिंग, सूचना आणि इशारे मराठीत वाचण्याची सोय २०१४ मध्ये, पाचव्या आवृत्तीबरोबर आली. आयफोनवर मराठी टंकलेखन पुष्कळ आधीपासून होते, पण संपूर्ण प्रणाली मराठीत करण्याची सोय थेट २०२५ मध्ये, आयओएस या आयफोनच्या प्रणालीच्या १८.४ या आवृत्तीबरोबर आली. सोयीच्या तुलनेत हा मुद्दा क्वचितच मोजला जातो. मी मात्र तो सुरक्षेच्या खात्यात मांडते, कारण धोक्याची सूचना वाचणाऱ्याला कळत नसेल तर ती दिली काय अन् न दिली काय सारखेच. मराठी सूचनांची भाषा काही ठिकाणी पुस्तकी आहे, ‘ॲक्सेस’सारखे शब्द तसेच राहिले आहेत, पण तरी माणूस थांबून वाचतो. आणि दुःख याचे, की दोन्हीकडे सोय असताना ठाण्यात किंवा वाशीला घेतलेला नवा फोन दुकानातून इंग्रजीत सुरू करून हातात दिला जातो आणि मग तो जन्मभर तसाच राहतो.

चोरीचा विषय आपल्याकडे टाळून चालणार नाही. लोकलच्या दारात फोन पाहत उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर रुळांकडेच्या खांबावरून काठीचा तडाखा बसतो, फोन खाली पडतो आणि गाडी पुढे निघून जाते. या टोळ्यांना आपण ‘फटका गँग’ म्हणतो. अशा वेळी फोन कुलूप उघडलेल्या अवस्थेत चोराच्या हाती लागतो. आयफोनवर जानेवारी २०२४ पासून अशी सोय आहे की फोन घरापासून किंवा नेहमीच्या ठिकाणापासून दूर असेल तर ॲपल खात्याचा पासवर्ड बदलायला पासकोड पुरत नाही, चेहरा किंवा बोट लागते, एक तास थांबावे लागते आणि पुन्हा ओळख पटवावी लागते. ती चालू आहे ना, हे सेटिंगमध्ये पाहून घ्यावे. अँड्रॉइडवर २०२४ मध्ये, दहाव्या आणि त्यापुढील आवृत्त्यांसाठी, फोन हिसकावून पळाल्याची हालचाल ओळखून पडदा बंद करणारी सोय आली. आधी चालू करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या कोणाच्याही फोनवरून आपला नंबर घालून दूरून कुलूप लावण्याची सोयही आहे. हिसका ओळखण्यावर सर्वस्वी विसंबू नये, पण दुसरी सोय कट्ट्यावर मी प्रत्येकाला चालू करून देते. पोलिसांत तक्रार दिल्यावर ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरून फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक, बंद करून घेता येतो. तो क्रमांक मात्र आजच घरी वहीत लिहून ठेवावा लागतो.

काकूंच्या फोनची आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. त्यांच्या फोनला कुलूपच नव्हते. वर्षानुवर्षे भांडी घासून आणि पोळ्या लाटून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या, त्यामुळे ठसा लागेना, कंटाळून त्यांनी कुलूप काढून टाकले होते. आयफोनची चेहरा ओळखण्याची पद्धत अदृश्य किरणांनी चेहऱ्याचा उठाव मोजते आणि अंधारातही चालते. बहुतेक स्वस्त अँड्रॉइड फोन साध्या कॅमेऱ्याने चेहरा पाहतात, त्यावर बँकेच्या व्यवहारासाठी विश्वास ठेवू नये. आयफोनची ही बाजू निर्विवाद सरस आहे, फक्त ती परवडायला हवी.

काकूंना ती परवडणारी नव्हती आणि मुलीचा जुना आयफोन घ्यायला त्या तयार झाल्या नाहीत, कारण मागे जाण्याचे बटण त्यांना ठरलेल्या जागी लागते. शेवटी आम्ही सहा वर्षे सुरक्षा अपडेट देण्याचे कंपनीने जाहीर केलेला एक मध्यम किमतीचा अँड्रॉइड घेतला. दुकानाच्या काउंटरवरच भाषा मराठी केली, ठशाऐवजी सहा आकडी क्रमांक ठेवला आणि व्हॉट्सॲपला बाहेरची ॲप घेण्याची परवानगी बंद आहे, हे दोनदा तपासले. गेल्या रविवारी त्यांच्या फोनवर अपडेटची सूचना आली. काकूंनी चष्मा लावून ती सबंध मला वाचून दाखवली, आणि मग विचारले, “हे करू ना गं?”