भाकरी, मटकी आणि पाण्याचा तांब्या

(दृश्य: सकाळ. कोल्हापुरातलं मिसळीचं दुकान. मटकीवर फरसाण पडतं, वरून कट.)

या ताटलीतली सगळ्यात कामाची गोष्ट तळाशी आहे: मोड आलेली मटकी. ३० ग्रॅम कोरड्या मटकीतून चार-साडेचार ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळतात. साध्या भाषेत, चोथा. सोबतचा पाव मात्र मैद्याचा. दोन पावांतून हाती लागतो जेमतेम दीड ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा खायला सांगते.

(दृश्य: चुलीपुढे भाकरी थापणारे हात.)

१०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. म्हणजे ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सहा ग्रॅम. पण भाकरी पांढरीशुभ्र दिसावी म्हणून पीठ बारीक चाळणीने चाळलं, की कोंडा जातो गोठ्यात आणि ताटातला हिशेब घटतो. ज्वारी नीट निवडून घ्या, दळण थोडं जाडसर आणा, आणि पीठ चाळू नका.

आता हे हात पाहा. भाकरी तव्यावर पडताच वरून पाणी फिरवलं. ते फिरवायचं राहिलं, तर भाकरी भेगाळते. पोटातही चोथ्याला पाण्याची जोड लागतेच.

(दृश्य: आतड्याचं रेखाचित्र.)

दिवसभरात लहान आतड्यात जवळजवळ ९ लिटर द्रव येतो. त्यातला २ लिटरच्या आसपास आपण खातो-पितो त्यातला. बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस. बहुतेक सगळा परत शोषला जातो. शौचावाटे बाहेर पडतं ते फक्त १०० ते २०० मिलिलिटर. कोंड्यातला न विरघळणारा चोथा पाणी धरून ठेवतो, मलाला आकार देतो आणि पुढे सरकवतो. सरकायला उशीर झाला की मोठं आतडं त्यातलं पाणी ओढत राहतं आणि खडा होतो.

कडधान्यं, पेरू यांत विरघळणारा चोथाही असतो. तो पाण्यात बुळबुळीत होतो, त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. तो पित्तातले क्षारही बांधून बाहेर नेतो. मग नवे क्षार करायला यकृत कोलेस्टेरॉल वापरतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू हाच चोथा आंबवतात. त्यातून तयार होणारं ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तिथल्या पेशींचं मुख्य इंधन आहे.

जिवाणू आंबवतात म्हणूनच गॅसही होतो. एकदम दोन वाट्या उसळ सुरू केली की पोट फुगतं, आणि चौथ्या दिवशी माणूस सगळंच सोडून देतो. म्हणून आठवड्याला पाचेक ग्रॅमच वाढवा: आधी पावाच्या जागी एक भाकरी, पुढच्या आठवड्यात वाटीभर उसळ, मग एक पेरू.

चोथ्यासाठी इसबगोल घेत असाल, तर तो कधीही कोरडा तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकतो. एक चमचा, पेलाभर पाण्यात, ढवळून लगेच प्यायचा. वर आणखी पाणी. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

(दृश्य: उसाचा फड, मग रसाचा चरक.)

दिवसाला आठ ते दहा पेले पाणी. फडात उन्हात राबणाऱ्याला त्याहून जास्त. लघवी गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडतंय. उसाच्या रसावर भागवू नका: साखर पेल्यात येते, चोथा चरकापाशीच राहतो. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर पाण्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्या. शौचातून रक्त येत असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

(दृश्य: भाजीबाजार, दुपार.)

या पाट्यांमागे बसलेल्या कितीतरी बायका सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाहीत. घरची भाकरी त्यांच्या डब्यात आहे, पाण्याची बाटलीही शेजारी आहे. जवळपास जाण्याजोगं स्वच्छतागृह नाही.