कौलं, चवड आणि पायथ्याची वाडी

मंडळी, ज्वालामुखीचा डोंगर ढासळण्याच्या धोक्याची चर्चा कोकणात कशाला, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर पायाखालीच आहे. आपला काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो भाकरीच्या चवडीसारखा आडवा रचला गेला, आणि अख्खा सह्याद्री एका झटक्यात कोसळत नाही तो त्यामुळेच. आपल्याकडे घसरतं ते कातळावरचं मातीचं आणि कुजलेल्या दगडाचं पांघरूण.

जिवंत ज्वालामुखीत थर चवडीसारखे आडवे नसतात, कौलारू छपरासारखे उताराकडे कललेले असतात. राख, लाव्हा, परत राख. त्यातच आतले आम्लयुक्त वायू आणि गरम पाणी दगड कुजवून त्याची चिकणमाती करतात. बाहेरून डोंगर धट्टाकट्टा दिसतो, पण आतून लोण्यासारखा झालेला असतो. मग तो ढासळायला उद्रेकच लागतो असं नाही. निकाराग्वातला कासिटा कित्येक शतकं शांत होता. ३० ऑक्टोबर १९९८ ला मिच वादळाच्या पावसात त्याच्या माथ्याजवळचा एक तुकडा सुटला. वाटेतली माती आणि पाणी ओढून घेत तो चिखलाचा लोंढा झाला, त्याचं आकारमान कित्येक पट वाढलं आणि पायथ्याच्या दोन वस्त्यांतली दोन हजारांहून जास्त माणसं गेली. दरडीखाली गेलेली जुई, दासगाव आणि तळिये ही आपली गावं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे वेगळं समजवायला नको.

धोका मोजायचा तर सुरुवात डोंगरावरून करायची नाही, खालून करायची. पायथ्याच्या सपाटीवर विखुरलेली विचित्र टेकाडं दिसली की ते जुन्या ढासळीचे अवशेष असू शकतात. त्यात गाडल्या गेलेल्या लाकडाच्या कार्बनवरून काळ काढता येतो. अमेरिकेतल्या रेनियर या ज्वालामुखी पर्वताखालचा एक मोठा चिखललोंढा साधारण ५०० वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याच काळातल्या उद्रेकाचा पुरावा सापडत नाही. आज त्याच गाळावर ऑर्टिंग नावाचं गाव वसलंय.

मग कुजका भाग शोधायचा. हेलिकॉप्टरखाली यंत्र लटकवून जमिनीची विद्युतवाहकता मोजतात. ओली, चिकणमाती झालेली जागा वीज जास्त वाहते, त्यावरून तिची खोली आणि पसारा कळतो. पुढची पायरी गणिताची. संगणकात डोंगर उभा करून लाखो संभाव्य घसरपृष्ठं तपासायची आणि प्रत्येकासाठी धरून ठेवणारं बळ भागिले ओढणारं बळ असा गुणांक काढायचा. तो १ च्या जवळ आला की जागा धोक्याची. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती पाण्याच्या पातळीत. आत पाणी किती उंचीवर आहे हे सहसा कुणी भोक पाडून बघितलेलं नसतं, पातळी गृहीत धरलेली असते. कोरडा धरला तर जो उतार भक्कम निघतो, तोच भिजलेला धरला की गुणांक १ च्या खाली जातो. म्हणून एकच उत्तर देणाऱ्या अहवालावर मी विश्वास ठेवणार नाही. कोरडा, अर्धा भिजलेला आणि पूर्ण भिजलेला, असे निदान तीन आकडे हवेत.

लोंढा कुठवर येईल? उंचीतला फरक भागिले आडवं अंतर हे गुणोत्तर बघतात. लहान दरडीला ते ०.५ च्या आसपास धरलं तर ३०० मीटर उंचीवरून सुटलेला माल ६०० मीटरपर्यंत येतो. ज्वालामुखीच्या महाढासळीत हे गुणोत्तर ०.१ पर्यंत उतरतं, म्हणजे २००० मीटर उंचीवरून २० किलोमीटर. १८ मे १९८० ला अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा अडीच घनकिलोमीटर माल दरीतून सुमारे २३ किलोमीटर गेला. आकारमान वाढलं की पल्ला वाढतो, म्हणून 'आमची वाडी लांब आहे' या वाक्याला आकारमान ठरवल्याशिवाय काही अर्थ नाही. नकाशावरची रेघ म्हणजे कुंपणही नव्हे. तिच्या दहा मीटर पलीकडचं घर सुरक्षित आणि अलीकडचं धोक्यात, असं होत नसतं.

सेंट हेलेन्सच्या उत्तर अंगाचा फुगवटा रोज दीड ते दोन मीटर बाहेर येत होता. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर मोजलं आणि वेग वाढू लागला की पळायचं, हा नियम चांगला आहे. आपल्या डोंगरावरही खुंट्या आणि टेप पुरतात. पण सेंट हेलेन्सला वेग ठळक वाढलाच नाही. ५.१ तीव्रतेचा भूकंप आला आणि सगळं अंग सुटलं. म्हणून वेग वाढेपर्यंत थांबू नका. भेग नवी असेल आणि पाऊस चालू असेल तर तेवढंच कारण पुरेसं आहे.

ढासळीनंतरचा धोकाही मोजायला हवा. सेंट हेलेन्सजवळच्या स्पिरिट लेक या तळ्याचं तोंड मालाने बुजलं, आणि फुटून पूर येऊ नये म्हणून १९८५ पर्यंत सुमारे अडीच किलोमीटरचा बोगदा खणावा लागला. आपल्या पऱ्याचं पाणी भर पावसात अचानक आटलं तर हायसं वाटून घेऊ नका. वर कुठेतरी दरडीने बांध घातलाय असं समजा आणि काठ सोडा.

आता किनाऱ्याचं. २२ डिसेंबर २०१८ ला इंडोनेशियातल्या अनाक क्रकाटाऊ या ज्वालामुखी बेटाचा नैऋत्येकडचा भाग समुद्रात गेला, लाट आली आणि चारशेहून अधिक माणसं मेली. तिथली सूचनायंत्रणा भूकंपावर बेतलेली होती; मोठा भूकंप झालाच नाही, त्यामुळे वेळेवर इशारा निघाला नाही. यातली टोचणारी गोष्ट अशी की याच दिशेच्या ढासळीचं गणित २०१२ साली छापून आलेलं होतं, त्यात लाट जावाच्या किनाऱ्यावर ३५ ते ४५ मिनिटांत पोचेल असं म्हटलं होतं. कोकणासमोर असा ज्वालामुखी बेटावर नाही, घाबरायचं कारण नाही. २८ नोव्हेंबर १९४५ ला मुंबईपर्यंत आलेली लाट पाकिस्तानकडच्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची होती. पण खाडीचं पाणी ओहोटीच्या वेळेखेरीज झपाट्याने मागे गेलं, तर भूकंप जाणवला होता का याची चौकशी करत बसू नका.

शेवटचा हिशेब मिनिटांचा. लोंढा पोचायला लागणारी मिनिटं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला इशारा मिळायला, भोंगा वाजायला, म्हाताऱ्यांना उठवायला आणि उंचावर चढायला लागणारी मिनिटं. दुसरा आकडा रात्री, पावसात, वीज गेलेली असताना स्वतः चालून काढायचा. दुपारी उन्हात काढलेला आकडा तिथे निरुपयोगी आहे.