कृष्णविवरात किती मावते?

सुरुवात आकड्यांनी करू. कृष्णविवरांविषयीचे निम्मे गैरसमज आकडे मांडले की आपोआप गळून पडतात.

सूर्याएवढे वस्तुमान ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोलात कोंबले की त्याचे कृष्णविवर होते. पृथ्वीचे करायचे तर त्रिज्या ९ मिलिमीटर. आकाशगंगेच्या मध्यभागी असलेले विवर सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट जड आहे, म्हणून त्याची त्रिज्या ४३ लाख गुणिले ३, म्हणजे साधारण सव्वा कोटी किलोमीटर. वस्तुमान दुप्पट, तर त्रिज्या दुप्पट. सूत्र इतके साधे आहे. या त्रिज्येच्या पृष्ठभागाला घटना क्षितिज म्हणतात. तिथे भिंत नाही, पडदा नाही. आत गेलेला प्रकाश परत बाहेर येत नाही, एवढीच त्या सीमेची ओळख. लांबून पाहिले तर गुरुत्वाकर्षण नेहमीसारखेच. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे विवर आणून ठेवले तरी पृथ्वीची कक्षा तसूभर हलणार नाही. आपण गारठून मरू, ओढले जाणार नाही.

आता त्रिज्या वस्तुमानाच्या सरळ प्रमाणात वाढते आणि घनफळ त्रिज्येच्या घनाने. म्हणून विवर जितके मोठे तितकी त्याची सरासरी घनता कमी. एप्रिल २०१९ मध्ये ज्याचे चित्र प्रसिद्ध झाले ते एम८७ दीर्घिकेतले विवर सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट जड आहे. शाळेतले गोलाचे सूत्र लावले तर त्याची घनता दर घनमीटरला अर्धा किलोसुद्धा भरत नाही. या सभागृहातली हवा त्याच्या दुपटीहून दाट आहे. (क्षितिजाच्या आत ‘घनफळ’ कशाला म्हणायचे हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, तेव्हा हा हिशेब अंदाजापुरताच घ्या.) उलट बाजूने पाहा. पाण्याचा गोल वाढवत वाढवत ४० कोटी किलोमीटर त्रिज्येचा केला, की तो कुणी न दाबताच कृष्णविवर होतो. पाण्याच्या जागी पुस्तके रचली तरी आकडा फारसा बदलत नाही. म्हणजे ग्रंथालयाला मर्यादा आहे, आणि ती पुणे महानगरपालिकेच्या नियमांतून आलेली नाही. ही मर्यादा नेमकी कशावर ठरते, एवढाच आजचा विषय.

१९७१ मध्ये स्टीव्हन हॉकिंग यांनी दाखवले की विवरे काहीही गिळोत, एकमेकांवर आदळोत, त्यांच्या क्षितिजांचे एकूण क्षेत्रफळ कधी कमी होत नाही. या सिद्धतेचा कणा म्हणजे अमल कुमार रायचौधुरी यांचे १९५५ सालचे समीकरण. गुरुत्वाकर्षण प्रकाशकिरणांची जुडी आवळत नेते, फाकवत नाही, असे ते सांगते.

हा नियम आता मोजून पाहता येतो. १४ जानेवारी २०२५ रोजी लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेच्या उपकरणांनी दोन विवरांची टक्कर टिपली. त्यांची वस्तुमाने सूर्याच्या साधारण ३४ आणि ३२ पट, आणि मिळून झालेले विवर सुमारे ६३ पट. सूर्याएवढ्या विवराचे क्षेत्रफळ ११० चौरस किलोमीटर असते आणि क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाने वाढते. म्हणून आधीचे एकूण: ३४ चा वर्ग ११५६, ३२ चा १०२४, बेरीज २१८०, गुणिले ११० म्हणजे सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर. नंतरचे: ६३ चा वर्ग ३९६९. पण नवे विवर स्वतःभोवती वेगाने फिरत असते आणि फिरणाऱ्या विवराचे क्षेत्रफळ कमी भरते, इथे सुमारे १३ टक्क्यांनी. तरीही ३ लाख ८० हजारांच्या आसपास येते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर. टकरीआधी दोघांचे मिळून महाराष्ट्राहून लहान होते, नंतर एकट्याचे महाराष्ट्राहून मोठे.

वस्तुमानाची बेरीज पाहा: ६६ चे ६३ झाले. तीन सूर्यांएवढी ऊर्जा गुरुत्वीय लहरींतून निघून गेली. वस्तुमान घटले, क्षेत्रफळ वाढले. नियमाने मुभा कितीतरी जास्त ऊर्जा सोडायची होती, अगदी १९ सूर्यांएवढी. निसर्गाने त्यातली थोडीच वापरली. असल्या मोजणीत चूक होते ती शेवटच्या विवराचे वस्तुमान आणि फिरकी ठरवताना. टकरीनंतर विवर क्षणभर थरथरून शांत होते आणि त्या थरथरीच्या वारंवारतेवरून दोन्ही काढतात. हे गणित सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच मांडले होते. थरथर इतकी क्षीण असते की गोंगाटात बुडून जाते. गोंगाटातून लहर वेचण्याच्या पद्धतींवर इथे आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायगो उभे राहण्याच्या आधीपासून काम केले आहे, याचा उल्लेख पुण्यात तरी राहून जाऊ नये.

कधीच न घटणारी राशी म्हटली की ऊष्मागतिकी शिकलेल्याला एन्ट्रॉपी आठवते. बाहेरून एकसारख्याच दिसणाऱ्या वस्तूच्या आतल्या रचना किती प्रकारच्या असू शकतात, त्या मोजणीचा लॉगरिदम म्हणजे एन्ट्रॉपी. आता गरम चहाचा कप विवरात टाका. कपाची एन्ट्रॉपी जगातून नाहीशी झाली की काय? १९७२ मध्ये प्रिन्स्टनचा विद्यार्थी जेकब बेकेन्स्टाइन म्हणाला, नाही. विवराचे क्षेत्रफळ हीच त्याची एन्ट्रॉपी. आधी हे हॉकिंगनाही पटले नव्हते. एन्ट्रॉपी आहे तर तापमान हवे, तापमान आहे तर प्रारण हवे, आणि विवरातून तर काहीच बाहेर येत नाही. ते खोडून काढायला बसलेल्या हॉकिंगनाच १९७४ मध्ये ते प्रारण सापडले.

त्यांचे उत्तर असे: सूर्याएवढ्या विवराचे तापमान, केल्विनचे दहा कोटी भाग केले तर त्यातले सुमारे ६. वस्तुमान वाढले की तापमान त्याच प्रमाणात उतरते. एवढ्यावरून एन्ट्रॉपी काढणे बारावीच्या गणिताचे काम आहे. एन्ट्रॉपीतली वाढ म्हणजे दिलेली ऊर्जा भागिले तापमान. तापमान वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून प्रत्येक किलोमागे होणारी वाढ वस्तुमानाच्या सम प्रमाणात. ती शून्यापासून बेरजेत घेत गेलो की वस्तुमानाचा वर्ग येतो. वस्तुमानाचा वर्ग म्हणजे त्रिज्येचा वर्ग, आणि तेच क्षेत्रफळ. आकडेही जुळवून घेतले तर सूत्र मिळते: क्षेत्रफळ प्लांक लांबीच्या (गुरुत्वाकर्षण, प्रकाशवेग आणि क्वांटम सिद्धांत यांच्या स्थिरांकांतून बनणाऱ्या अतिसूक्ष्म लांबीच्या) वर्गात मोजा आणि चारने भागा. सूर्याएवढ्या विवरासाठी उत्तर एकावर ७७ शून्ये. आज आकाशात जळणाऱ्या सूर्याची एन्ट्रॉपी एकावर ५८ शून्यांच्या घरात आहे. तेवढेच वस्तुमान, पण एकोणीस शून्यांचा फरक.

या प्रारणाची नेहमी सांगितली जाणारी हकिकत म्हणजे क्षितिजालगत कणांची जोडी जन्मते, एक आत पडतो, दुसरा निसटतो. ऐकायला बरी आहे, हिशेबाला उभी राहत नाही. त्या तापमानाच्या प्रारणाची मुख्य तरंगलांबी ४० किलोमीटरहून अधिक येते आणि विवराची त्रिज्या आहे ३. आपल्या घराहून दहापट मोठी लहर घराच्या उंबऱ्यावर नेमकी कुठे जन्मली, हा प्रश्नच विचारता येत नाही. दुसरी चूक ‘विवरे विरत चालली आहेत’ असे म्हणण्याची. विश्वभर २.७ केल्विनचे पार्श्वभूमी प्रारण भरून आहे. चंद्राच्या वस्तुमानाच्या सुमारे ६० टक्क्यांहून जड विवर त्याहून थंड असते, म्हणजे देते त्याहून जास्त घेते. माहीत असलेले प्रत्येक विवर आज वाढतेच आहे.

आता मुख्य मुद्दा. सूत्र उलटे वाचले तर एक बिट, म्हणजे एका ‘हो की नाही’एवढी माहिती, ठेवायला जागा किती लागते ते कळते: चौरस सेंटिमीटरला साधारण १.४ गुणिले एकावर ६५ शून्ये इतके बिट. एक सेंटिमीटर त्रिज्येचा गोल घेऊन दोन तऱ्हांनी मोजू. घनफळाचे प्लांक लांबीच्या बाजूचे ठोकळे पाडले, प्रत्येकात एक बिट धरला, तर क्षमता एकावर ९९ शून्ये. पृष्ठभागावरून मोजले तर एकावर ६६ शून्यांच्या आसपास. खरे कोणते?

ठोकळ्यांच्या हिशेबात ऊर्जेचा खर्च धरलेला नाही. एवढ्याशा ठोकळ्यात काही ‘लिहायचे’ तर सुमारे २२ मायक्रोग्रॅमची ऊर्जा लागते. एक सेंटिमीटर त्रिज्येच्या विवराचे वस्तुमान पृथ्वीपेक्षा थोडेसे जास्त. भागाकार करा: एकावर ९९ शून्यांपैकी तीनावर ३२ शून्ये इतके ठोकळे भरले की सगळा गोल कोसळून विवर झालेला असतो. बाकीच्या रचना कागदावर राहतात. विवर स्वतः प्रत्येक बिट कितीतरी स्वस्तात सांभाळते, कारण ते लिहिते स्वतःच्या आकाराएवढ्या लांब तरंगांनी. आता समजा कुणी म्हणाले की माझ्या गोलात विवरापेक्षा जास्त एन्ट्रॉपी आहे. त्या गोलात वस्तुमान टाकत राहा. शेवटी त्या आकाराचे विवर होणार आणि त्याची एन्ट्रॉपी क्षेत्रफळाने ठरलेली. म्हणजे वाटेत एन्ट्रॉपी घटली, आणि ते ऊष्मागतिकीत बसत नाही. निष्कर्ष: कुठल्याही प्रदेशात मावू शकणारी जास्तीत जास्त माहिती त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते. पुण्यात फ्लॅट चौरस फुटावर विकतात, छत किती उंच याला कुणी भाव देत नाही; बिल्डरांचा हा हिशेब भौतिकशास्त्राला इतका जवळचा निघेल असे वाटले नव्हते. १९९३ मध्ये गेरार्ड टूफ्ट यांनी आणि पाठोपाठ लेनर्ड ससकिंड यांनी मांडलेले होलोग्राफिक तत्त्व ते हेच. सपाट फिल्मवरून त्रिमित चित्र उभे राहते, त्यावरून हे नाव.

पण ‘किती मावते’ कळले म्हणून ‘काय मावले आहे’ ते कळत नाही. १९९६ मध्ये अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कमरून वाफा यांनी कणांऐवजी सूक्ष्म तंतू मूलभूत मानणाऱ्या स्ट्रिंग सिद्धांतातल्या खास विद्युतभारित विवरांच्या आतल्या रचना एकेक करून मोजल्या, आणि चारने भागणे नेमके आले. त्या मोजणीत पुढे दूरवर गेलेल्यांत अशोक सेन आणि कोल्हापूरचे अतिश दाभोलकर आहेत. शिरपूरचे अभय अष्टेकर यांच्या, अवकाशच सूक्ष्म तुकड्यांचे मानणाऱ्या लूप पद्धतीतही एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात येते. मात्र तिथे ‘चार’ मिळवायला सिद्धांतातला एक मोकळा आकडा बसवून घ्यावा लागतो. माझ्या मते हा फरक लहान नाही.

नोव्हेंबर १९९७ मध्ये हुआन माल्दासेना यांनी तत्त्वाला नेमके रूप दिले. त्यांचे विश्व खास वळणाचे आहे: मधून सोडलेला प्रकाशकिरण काठाला लागून मर्यादित वेळात परत येतो. आत गुरुत्वाकर्षण आहे. काठावर, एक मिती कमी असलेल्या पृष्ठभागावर, गुरुत्वाकर्षण नसलेला क्वांटम सिद्धांत आहे. दावा असा की दोन्ही एकच आहेत. आतल्या प्रत्येक घटनेला काठावर जोड आहे. मग आतली ‘खोली’ काठावर कशी दिसते? आकारमान म्हणून. काठाजवळची वस्तू म्हणजे बारीक ठिपका, खोलवरची म्हणजे पसरलेला डाग. आतले विवर म्हणजे काठावरचा तापलेला कणांचा रस. २००६ मध्ये शिन्सेई र्‍यू आणि तादाशी ताकायानागी यांनी यात भर घातली: काठाच्या एका तुकड्याची बाकीच्याशी असलेली क्वांटम गुंतागुंत (दोन भागांना एकमेकांशी बांधणारा क्वांटम संबंध) मोजायची तर आत, त्या तुकड्याच्या कडेला टेकलेला सर्वांत लहान पृष्ठभाग घ्या आणि क्षेत्रफळ चारने भागा. तेच चार.

विवरात पडलेली माहिती कायमची बुडते का, या जुन्या भांडणात यामुळे पारडे फिरले. काठावरचा सिद्धांत माहिती गमावत नाही, तर आतलाही गमावणार नाही. डॉन पेज यांनी १९९३ मध्येच काढले होते की माहिती परतणार असेल तर प्रारणाची एन्ट्रॉपी आधी चढून मग, विवराचे अर्ध्याहून अधिक आयुष्य सरल्यावर, उतरायला हवी. २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तो उतार गणितात दाखवला. माहिती कोणत्या वाटेने बाहेर येते, हे त्या गणितातून अजून निघालेले नाही.

‘आपण होलोग्रामात राहतो’ असे मथळे येतात तेव्हा इथे थांबायचे. माल्दासेनांच्या विश्वाचा वैश्विक स्थिरांक, म्हणजे रिकाम्या अवकाशाची ऊर्जा सांगणारा आकडा, ऋण आहे. आपले विश्व, १९९८ पासून माहीत आहे त्याप्रमाणे, वाढत्या वेगाने प्रसरण पावते. त्याचा स्थिरांक धन दिसतो आणि माहिती लिहून ठेवायला तसा काठच नाही. अशा विश्वासाठी तितकी नेमकी जोडी कुणी दिलेली नाही. आणि दिली, तरी त्याने ही खुर्ची खोटी ठरत नाही.

हे तपासायचे कसे? हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ४ किलोमीटर बाहूंचे लायगो-इंडिया उभे राहते आहे. ते क्षेत्रफळे मोजेल. पण त्या मोजमापात क्वांटम सिद्धांताचा प्लांक स्थिरांक येत नाही, म्हणून ‘भागिले चार’ त्याच्या आवाक्यात नाही. त्यासाठी तापमान मोजावे लागेल, आणि सूर्याएवढ्या विवराचे ते शक्य नाही. उरते एक वाट: विश्वाच्या आरंभी जन्मलेली, सुमारे ५० कोटी टन वजनाची आणि प्रोटॉनएवढ्या आकाराची विवरे, जर झाली असतील तर, आज आयुष्याच्या अखेरीला असतील आणि गामा किरणांचा लोळ सोडून संपतील. फर्मी या गामा किरण दुर्बिणीच्या नोंदींत त्यांचा शोध घेतला गेला. अजून एकही सापडलेले नाही.