नंबर घासू नका

(बडोद्यातल्या एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘जुने आउटबोर्ड इंजिन घरच्या घरी कसे सुरू करावे’. ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट मला बोलायचीय, आणि ती इंजिन सुरू करण्याच्याही आधीची आहे. आपल्या हातात आलेलं यंत्र कोणतं, हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. ते पुसायचा अधिकार कुणालाही नाही. मालकालासुद्धा नाही.

बडोद्यात बोटीच्या इंजिनाचं काय काम, असं काहींच्या मनात आलं असेल. विश्वामित्रीत तर कुणी उतरणार नाही, तिथे मगरींचा ताबा आधीपासूनचा आहे. (हशा) आजव्याचं पाणी आपण पितो, तिथे पेट्रोलचा थेंब पडता कामा नये. पण आपलं संस्थान समुद्राला लागलेलं होतं, हे इथल्या तरुण मंडळींना ठाऊक नसतं. द्वारका, बेट द्वारका, अख्खं ओखामंडळ गायकवाडांचं. कोडिनार गायकवाडांचं. खाली नवसारी आणि बिलीमोरा. ओख्याचं बंदर सयाजीराव महाराजांच्याच कारकिर्दीत उभं राहिलं. त्यामुळे मांडवी-रावपुऱ्यातल्या कितीतरी मराठी घरांतला एखादा काका, एखादा मामा त्या बाजूला नोकरीत होता. आणि समुद्र राहू द्या, चांदोदला आपण सगळेच जातो. नर्मदा-ओरसंगाच्या संगमावर नावेत बसताना मागे लटकलेलं ते यंत्र पाहिलंय ना? तेच आउटबोर्ड. बोटीच्या पोटात न बसवता मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं. वाळूचा पट्टा आला की नावाडी ते उचलून आडवं करतो, पंखा पाण्याबाहेर येतो, नाव पुढे सरकते. उन्हाळ्यातल्या नर्मदेला ही सोय किती मोठी आहे ते त्या नावाड्याला विचारा.

या यंत्राचा जन्म कसा झाला ते थोडक्यात सांगतो. ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला गृहस्थ, लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला, विस्कॉन्सिन राज्यात. गोष्ट अशी सांगतात की १९०६ च्या उन्हाळ्यात मंडळी तळ्यावर सहलीला गेली होती. बेस नावाच्या मुलीला आइस्क्रीम खायची इच्छा झाली. हा पठ्ठ्या वल्ही मारत पलीकडे गेला आणि आइस्क्रीम घेऊन परत येईपर्यंत ते वितळलं. तिथूनच त्याला इंजिनाची कल्पना सुचली म्हणतात. १९०९ मध्ये त्याचं दीड अश्वशक्तीचं इंजिन बाजारात आलं, वजन ६२ पौंड, म्हणजे २८ किलो. त्याच्या आधीही अमेरिकेत वॉटरमन नावाच्या माणसानं अशी इंजिनं विकली होती, हेही न्यायानं सांगितलं पाहिजे. पण एव्हिनरूडचा धंदा चालला तो बेसमुळे. तोवर ती त्याची बायको झाली होती. हिशेब ती सांभाळायची आणि जाहिरातही तिनंच लिहिली, ‘वल्ही मारू नका, फेकून द्या.’ पुढच्या रांगेतल्या वहिनी मान डोलावतायत, बरोबर आहे. (हशा)

आता माझ्याकडचं इंजिन. ते एव्हिनरूडचं नाही, ब्रिटिश सीगलचं आहे. सनबीम मोटरसायकली बनवणाऱ्या जॉन मार्स्टन कंपनीनं १९३१ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला हे सुरू केलं, तेव्हाचं नाव मार्स्टन सीगल. पुढे कारखाना डॉर्सेटमध्ये पूल या बंदराच्या गावी गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलानं ही इंजिनं घेतली. दिसायला अगदी साधं. वर उघडं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, त्याला दोरी गुंडाळायची खाच, मागे आडवा सिलिंडर, खाली लांब नळी, टोकाला गिअर आणि पंखा. झाकण नाही, शोभा नाही. सगळं डोळ्यांसमोर. मला यंत्र असंच आवडतं.

माझे धाकटे काका ओख्याला नोकरीत होते. तिथल्या एका साहेबानं जाताना हे इंजिन त्यांना विकलं. काका त्यावर मासे पकडायला जात. निवृत्त होऊन ते बडोद्याला आले तेव्हा इंजिनही आलं आणि माळ्यावर गेलं. मग केव्हातरी घरातल्यांनी ठरवलं की दिवाणखान्यात ठेवू, शोभेचं दिसेल. एका वर्कशॉपला दिलं. नाव घेत नाही. तिथे काय झालं ते सांगायला मी आज उभा आहे, आणि थोडा वेळ घेणार आहे.

त्यांनी आधी इंजिनावर वाळूचा मारा केला. पूर्ण सुटं न करता! वाळूचे बारीक कण क्रँककेसमध्ये, म्हणजे मुख्य फिरता दांडा ज्या पेटीत असतो तिथे, शिरले. मग टाकीवरचं कंपनीचं चित्र खरवडलं. मग ग्राइंडर घेऊन क्रँककेसचा पृष्ठभाग गुळगुळीत केला आणि त्यावर चंदेरी रंग दिला. त्या पृष्ठभागावर इंजिनाचा नंबर ठोकलेला होता. तो गेला. काकांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “साहेब, चकाचक करून दिलंय, नंबराचं काय लोणचं घालायचंय?”

मंडळी, नंबर म्हणजे यंत्राचा जन्मदाखला. सीगलच्या नंबरातली अक्षरं मॉडेल सांगतात, आकडे ते केव्हाचं आहे ते सांगतात. सीगलनं अनेक मॉडेलं काढली आणि वरवर ती एकमेकांसारखी दिसतात. ६४ सीसीची आहेत, १०२ सीसीची आहेत. कुणाचा कार्ब्युरेटर वेगळा, कुणाचा गिअर वेगळा. नंबर नसेल तर सुटा भाग मागवायचा कोणत्या मॉडेलचा?

पण याहून मोठं नुकसान तेलात झालं. इथे बसलेल्या सगळ्यांनी बजाज, लॅम्ब्रेटा, विजय सुपर, निदान लुना तरी चालवलीय. पेट्रोल पंपावर टू-टी ऑइलचं माप ओतून घेतलंय. एका लिटरला २० मिलि, पन्नासाला एक. वर्कशॉपवाल्यांनी तेच प्रमाण इथे लावलं आणि इंजिन चालवून दाखवलं. जुन्या सीगलला दहाला एक लागतं. एका लिटर पेट्रोलला १०० मिलि तेल! का? तिच्या क्रँकशाफ्टला बॉलबेअरिंग नसतात, ब्राँझचे साधे बुश, म्हणजे दांड्याभोवतीच्या नळ्या असतात. शाफ्ट आणि बुश यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा टिकला तरच धातू धातूला लागत नाही. शिवाय अशा टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागणाऱ्या इंजिनात क्रँककेस स्वतःच पंपाचं काम करते, तिथला दाब गळला तर इंजिन ओढत नाही. त्या बुशांपाशी दाब अडवायचं कामही ते दाट तेलच करतं. तेल पाचपट कमी, त्यात वाळू. बुश खाल्ले गेले. नंबर शाबूत असता, तर कुणीही त्यावरून मॉडेल शोधलं असतं, मॉडेलवरून तेलाचं प्रमाण शोधलं असतं. एक ग्राइंडर फिरला आणि ही सगळी वाट बंद झाली.

काका गेल्यावर इंजिन माझ्याकडे आलं. माझी सगळी नोकरी धातूंच्या प्रयोगशाळेत झाली, म्हणून मला एक आशा होती. ठसा ठोकताना फक्त वरचा खड्डा पडत नाही, खड्ड्याखालचा धातूही दबतो. वरून घासून खड्डा नाहीसा केला तरी खालचा दबलेला थर उरतो, आणि योग्य रसायन लावलं की तो आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगानं झिजतो. चोरीच्या गाड्यांचे घासलेले नंबर फॉरेन्सिकवाले असेच उघडतात. मी चंदेरी रंग काढला, जागा बारीक पॉलिश पेपरनं आरशासारखी केली, कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण कापसानं फिरवलं. ॲल्युमिनियमवर ते चालतं. तुम्ही घरी करू नका, त्यात हायड्रोजन सुटतो आणि कॉस्टिक डोळ्यांत गेलं तर डोळा जातो. पुसायचं, तिरक्या उजेडात बघायचं, पुन्हा फिरवायचं. आणि अक्षरं वर आली! राखाडी, पुसट, पण वाचता येण्याजोगी. मागचे आकडे मात्र मिळाले नाहीत, तिथे ग्राइंडर खोल गेला होता. अक्षरांवरून मॉडेल ठरलं, फॉर्टी प्लस, ६४ सीसी. त्या दिवशी घरात मी सगळ्यांना बोलावून दाखवलं.

मला याचा राग येतो तो बडोद्याचा माणूस म्हणून. १८९० मध्ये महाराजांनी इथे कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर पहिले प्राचार्य. दादासाहेब फाळके तिथे शिकले. रंगकाम आणि यंत्रकाम हातानं करायचं आणि त्यामागचं शास्त्रही शिकायचं, ही त्या संस्थेची रीत. त्या गावात यंत्राला हात लावणारा माणूस आधी ते वाचत नाही, हे मला सहन होत नाही. चांगला मिस्त्री वाचतो. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत ज्या टर्नरनं मला नवे बुश करून दिले, त्यानं लेथ सुरू करायच्या आधी जुना बुश हातात घेऊन कुठल्या बाजूनं खाल्लाय ते पाहिलं आणि म्हणाला, “काका, शाफ्ट पण मापून घेऊ, एकाच बाजूनं झिजलाय.” त्याच्याकडे पदवी नाही. तो कलाभवनाचा खरा वारस आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पंधरा मिनिटं उरली म्हणतात. मुद्द्याचं भराभर सांगतो, लिहून घ्या.

उघडण्याआधी चारी बाजूंनी फोटो. नंबर कागदावर उतरवा. जुन्या ब्रिटिश इंजिनाला मिलिमीटरचे पाने लावू नका, नटाचे कोपरे जातात. व्हिटवर्थचे पाने लागतात. त्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो, एवढं लक्षात ठेवा. खाऱ्या पाण्यातल्या इंजिनात लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमला धरून बसतो. जोर करू नका, बोल्ट मोडतो. डिझेलचे थेंब सोडा, थांबा, मग हॉट एअर गननं केसिंग गरम करा. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, पकड सुटते.

पिस्टन जाम असेल तर प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल भरून ठेवा, मग फ्लायव्हील हातानं मागेपुढे हलवा. दोरीचा हिसका नको. फ्लायव्हील काढायला पुलरच हवा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला की शाफ्ट वाकलाच.

ठिणगी. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणारे संपर्क, साफ करा, फट २० थाउ, म्हणजे इंचाचे २० हजारांश, साधारण अर्धा मिलिमीटर. फीलर गेज लावून बघा, अंदाजानं नाही. जुना कंडेन्सर बदला. दिसायला ठीक असतो, गरम झाला की ठिणगी पिवळी पडते. स्कूटरच्या दुकानात त्या क्षमतेचा मिळतो.

पेट्रोल. हे नीट ऐका. आज पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी खाली बसतं. जुन्या रबरी नळ्या त्यानं फुगतात, चिकट होतात. काही जुन्या इंजिनांत कार्ब्युरेटरचा फ्लोट बुचाचा असतो, वर लाखेचा थर. आपला सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतो ना? इथेनॉल म्हणजे तेच स्पिरिट. थर गेला की बूच पेट्रोल पितं आणि फ्लोट बुडतो. म्हणून नळ्या नव्या घाला, आणि काम झालं की कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू द्या. टाकीत पेट्रोल ठेवून विसरू नका.

तेल कमी घालून धूर कमी करावा असं वाटेल. पण त्याच जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रातून, तेल कमी म्हणजे पेट्रोल जास्त जातं, मिश्रण बदलतं. कार्ब्युरेटरची सुई बदलल्याशिवाय प्रमाण बदलू नका. आणि एवढं तेल पाण्यात जातं, म्हणून ही इंजिनं कधीमधी, थोडा वेळच चालवावीत. मीही तसंच करतो.

गिअरचं तेल १४० ग्रेडचं. ते दुधासारखं पांढरं झालं तर पाणी शिरलंय. सीगलमध्ये थोडं शिरतंच, घाबरू नका, बदलत राहा.

चाचणी पाण्याच्या पिंपात, मोकळ्या अंगणात. बंद गॅरेजमध्ये नाही, धूर जीव घेतो. सुरू झाल्यावर आधी थंडाव्याचं पाणी बाहेर पडतंय का बघा. पडत नसेल तर ताबडतोब बंद. माती, वाळू, गांधीलमाशीचं घर, नळीत काहीही असू शकतं.

रंग उडालेला असेल तर तसाच राहू द्या, तेलाचा हात फिरवा, पुरे.

आणि पाण्यावर जाल तेव्हा. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या हरणी तलावात शाळेची १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडून गेल्या. बोट भरून माणसं आणि बऱ्याच मुलांना लाइफ जॅकेट नाही. त्यानंतर या गावात कुणी बोटीबद्दल बोलावं आणि हे सांगू नये, असं होता कामा नये. माणशी एक जॅकेट, अंगात घातलेलं, बंद बांधलेले. बसायच्या आधी.

इंजिन बाहेर ओसरीत पिंपावर बसवलंय, दहा मिनिटांत सुरू करून दाखवतो. फ्लायव्हील उघडं आहे आणि न्यूट्रल नाही, सुरू होताच पंखा फिरतो. तेव्हा पदर, ओढणी, उपरणं खोचून घ्या आणि मुलांना माझ्या समोरच्या बाजूला उभं करा, मागे नको, दोरी ओढताना माझा कोपर मागे येतो. नंबराची जागा बघायची असेल त्यांनी चष्मा आणा, तिथे मी रंग दिलेला नाही.