चौकोन, जाळी, चौकोन

[ट्रेमध्ये हलणारं तपकिरी द्रावण]

मायक्रोवेव्ह लहरींची गाळणी बनतेय: हव्या त्या वारंवारतेच्या लहरी सोडणारी, बाकीच्या अडवणारी. फेरिक क्लोराइड या तांबं विरघळवणाऱ्या द्रावणात बुडालेल्या बोर्डावरचं तांबं उतरतंय. प्रकाशानं घट्ट झालेल्या लेपाखालचं तेवढं शाबूत राहणार. तांब्याचा थर 35 मायक्रॉनचा, त्यामुळे काम मिनिटांत उरकतं, पण नजर हलवायची सोय नाही. जरा जास्त वेळ राहिला, की द्रावण लेपाखाली शिरून कडा खातं, दोन चौकोनांमधली फट रुंदावते आणि गाळणी भलत्याच वारंवारतेला जाऊन बसते. फट केवढी? कागदाच्या दोन पानांच्या जाडीएवढी.

[नळाखाली धुतला जाणारा बोर्ड]

लेप निघाला. जेमतेम 5 मिलीमीटरचे चौकोन, ओळीनं, शेकडो. दुसऱ्या बोर्डावर नुसत्या आडव्या-उभ्या रेघांची जाळी.

गाळायच्या लहरी 10 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. तरंगलांबी 3 सेंटीमीटर. तिच्यापुढे चौकोन इतका लहान, की लहरीच्या लेखी हा सगळा एक सलग पदार्थ. मेटामटेरियल, म्हणजे रचनेतून गुण मिळवलेला पदार्थ, तो हाच. तांबं रोजच्या वापरातलंच. गुण येतो तो आकारातून. जगदीशचंद्र बोसांनी 1898 मध्ये तागाचे पिळलेले धागे वापरून लहरींचं ध्रुवण, म्हणजे कंपनाची दिशा, फिरवून दाखवलं होतं. तेव्हा या शब्दाचा पत्ताही नव्हता.

[थर एकमेकांवर बसवणारे हात]

चौकोनांचा थर कपॅसिटरसारखा, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या घटकासारखा वागतो: कमी वारंवारतेला वाट देतो, जास्तीला अडवतो. जाळीचं बरोबर उलट. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातली जाळी आठवा; 12 सेंटीमीटरची लहर आतच राहते, उजेड मात्र बाहेर येतो. आता जाळी मध्ये आणि चौकोन दोन्हीकडे. या ओढाताणीत एका ठरावीक वारंवारतेला दोघांचा मेळ बसतो, म्हणजे अनुनाद जुळतो, आणि वारंवारतांचा मधला एकच पट्टा पार होतो. थर वाढवले की पट्ट्याच्या कडा उभ्या होत जातात; प्रत्येक थर थोडी शक्ती गिळतो, हेही आलंच.

खुंट्यांवर भोकं जुळवणारी ही बोटं बघा. थरांमध्ये हवेचा पापुद्रा राहिला तरी पट्टा सरकतो. आराखडा काढणाऱ्या संगणकाचं कौतुक पुष्कळ होतं, म्हणून हे दृश्य मुद्दाम लांब ठेवलंय.

[स्पंजच्या सुळक्यांनी भरलेली खोली]

कार्बन भरलेले हे सुळके लहरी शोषतात, प्रतिध्वनी उरत नाही. समोरासमोर दोन हॉर्न अँटेना, म्हणजे कर्ण्याच्या आकाराच्या; एक लहरी सोडते, दुसरी पकडते. मध्ये चौकट. आधी रिकामी चौकट मोजतात, मग तीत बोर्ड बसवतात.

अशा गाळण्या रडारच्या कवचांत जातात, अवकाशयानांतही. 1977 मध्ये निघालेल्या व्हॉयेजरचा दुय्यम परावर्तक एक पट्टा परतवतो, दुसरा आरपार सोडतो.

[पडद्यावरची रेघ]

कुठल्या वारंवारतेला किती शक्ती पलीकडे पोचली, ते ही रेघ दाखवते. उणे 20 डेसिबल, म्हणजे शंभरातला एकच भाग पलीकडे. 10 गिगाहर्ट्झजवळ रेघ चढते, थोडी सपाट चालते, पुन्हा कोसळते.

आता बोर्ड तिरका करतायत. 15 अंश. 30. 45. रेघेवर लक्ष ठेवा.